महाविनाश कशाने होतात? उल्का, लाव्हा आणि पारसिकचा काळा दगड

कातळवाट (कळवा)

डायनासोर उल्केने मेले, हे आता लहान पोरांनाही पाठ असतं. त्या प्रकरणातला दुसरा संशयित मात्र ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेकांना रोज खिडकीतून दिसतो आणि त्याच्याकडे त्या नजरेने कुणी बघत नाही. पारसिकचा डोंगर, मुंब्र्याचा कडा, येऊर, खारघरची टेकडी, पलीकडे माथेरान आणि मागचा सगळा सह्याद्री, हा दख्खनचा लाव्हा आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, काही लाख वर्षं आधी-नंतर धरून, तो जमिनीच्या भेगांतून वर येत होता. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी २ किलोमीटरच्या वर जाते.

मी भूशास्त्र शिकवते. महाविनाशांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक त्या एका उल्केपाशी येऊन थांबतं, म्हणून हा धागा काढते आहे. माझं ठाम मत आहे की पृथ्वीवरच्या मोठ्या संहारांत आकाशातून पडलेल्या दगडापेक्षा जमिनीखालून आलेल्या वायूंचा वाटा फार मोठा आहे. आणि वायू किती आले याच्याइतकंच ते किती वेगाने आले हे महत्त्वाचं आहे.

प्रजाती संपणं तसं नेहमीचंच. आजवर पृथ्वीवर होऊन गेलेल्या प्रजातींपैकी ९९ टक्क्यांहून जास्त आज नाहीत. पण भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी थोड्या काळात, जगभर एकदम पडझड होते तेव्हा तिला महाविनाश म्हणतात. १९८२ साली डेव्हिड राउप आणि जॅक सेपकोस्की यांनी समुद्री जीवाश्मांच्या नोंदी मोजून पाच ठळक महाविनाश वेगळे काढले. तेव्हापासून 'बिग फाइव्ह' हा शब्द रूढ झाला.

पहिला ऑर्डोव्हिशियन कालखंडाच्या शेवटी, सुमारे ४४ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी. तेव्हा गोंडवना या दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडाचा आजच्या सहाराकडचा भाग दक्षिण ध्रुवावर होता, तिथे बर्फ साठला, समुद्र खाली गेला आणि उथळ पाण्यातली वस्ती उघडी पडली. दुसरा डेव्होनियनच्या उत्तरार्धात, ३७ कोटी वर्षांच्या आसपास. तो एका झटक्यात झाला नाही, समुद्रातला प्राणवायू पुन्हा पुन्हा संपत गेला. जमिनीवर नुकतीच उभी राहिलेली झाडं मुळांनी खडक फोडू लागली, त्यातली पोषकद्रव्यं वाहून समुद्रात गेली, तिथे शेवाळ माजलं आणि पाणी गुदमरलं, असं एक गंभीर मत आहे. या दोन्हींची कारणं अजून पक्की झालेली नाहीत, म्हणून इथे जास्त रेंगाळत नाही.

तिसऱ्यावर मात्र थांबायला हवं. पर्मियनचा शेवट, २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी. याच्याइतकं भयंकर दुसरं काही झालेलं नाही. समुद्रातल्या ८० ते ९६ टक्के प्रजाती गेल्या. ऑर्डोव्हिशियन आणि डेव्होनियन दोन्हींतून तगलेले ट्रायलोबाइट, म्हणजे समुद्रातले कवचधारी जीव, इथे कायमचे संपले. चीनमध्ये मैशान इथे पर्मियन संपतो त्या सीमेचे थर फार सुंदर जपलेले आहेत. त्यातल्या राखेचं वय मोजून २०१४ साली निघालेला निष्कर्ष असा, की मुख्य संहार साधारण ६० हजार वर्षांत उरकला. मोजमापातली संभाव्य चूक धरली तरी १ लाख वर्षांच्या थोडं पुढेमागे. हा काळ आपल्याला मोठा वाटतो, पण भूशास्त्रात हा क्षण आहे.

कारण? सायबेरियन ट्रॅप्स. आपल्या दख्खनचा थोरला भाऊ. तिथला लाव्हा नुसता वर आला असता तर कदाचित एवढं झालं नसतं. वर येताना त्याची वाट तुंगुस्का खोऱ्यातून गेली आणि त्या खोऱ्यात कोळसा, चुनखडी, मिठाचे जाड थर होते. तप्त शिलारस त्या थरांत आडवा शिरला आणि त्याने ते अक्षरशः भाजून काढले. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, क्लोरीनयुक्त वायू, सगळं बाहेर पडलं. विषुववृत्ताजवळ समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान ४० अंशांच्या घरात गेल्याचे पुरावे आहेत. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात पाणी आम्लधर्मी झालेलं, म्हणजे प्रवाळाला कवच बांधता येईना. खोल पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वर आला असावा असंही मांडलं जातं. सगळी दारं एकाच वेळी बंद झाली.

चौथा ट्रायासिकच्या शेवटी, २० कोटी १० लाख वर्षांपूर्वी. अटलांटिक उघडायला लागला तेव्हाचा लाव्हा. पुन्हा लाव्हाच.

पाचवा आपला, क्रिटेशसच्या शेवटचा, ६ कोटी ६० लाख वर्षांचा. इथे उल्का आहे, आणि पुरावा इतका भक्कम आहे की तिला नाकारण्यात अर्थ नाही. १९८० साली लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासोबत इटलीतल्या गुब्बिओच्या त्याच काळातल्या मातीच्या थरात नेहमीच्या सुमारे ३० पट इरिडियम दाखवलं, हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ पण उल्कांत भरपूर असतो. १९९१ मध्ये मेक्सिकोतल्या युकातानखालचं चिक्शुलूब विवर पुढे आलं, सुमारे १८० किलोमीटर रुंद. पडलेला दगड १० किलोमीटरहून मोठा असणार. तो पडला तिथे जमिनीत जिप्सम होतं, म्हणजे गंधक. ते वातावरणात उडालं, वर जळालेल्या जंगलांची काजळी, आणि काही वर्षं सूर्यप्रकाश पुरेसा पोहोचेना.

मग दख्खनचं काय? तो नुसता बघ्या होता की त्यानेही हात लावला? यावर अजून वाद चालू आहे, आणि मला तो आजच्या भूशास्त्रातला सर्वांत रंगलेला वाद वाटतो. प्रश्न असतील तर विचारा, सगळ्यांना उत्तरं देईन.

अनुची_आई (नौपाडा)

ताई, फार छान लिहिलंत. लेक नववीत आहे, तिला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: पाचपैकी एकातच उल्का पक्की असेल, तर सगळ्या पुस्तकांत उल्केचंच चित्र का असतं?

कातळवाट (कळवा)

अनुला सांगा, उल्केचं चित्र काढता येतं. आग ओकत येणारा गोळा, खाली मान वर करून बघणारा डायनासोर, झालं. समुद्रातला प्राणवायू हजारो वर्षं हळूहळू कमी होतोय याचं चित्र कसं काढणार? शिवाय अल्वारेझचा शोध लागला तेव्हा लोकांनी बाकीच्या चार महाविनाशांतही उल्का शोधून पाहिली. बरीच वर्षं शोधली. तसा पुरावा मिळाला नाही. दुसरीकडे मोठ्या लाव्हा-प्रांतांची वयं जसजशी नीट मोजली गेली तसतशी पर्मियन, ट्रायासिक आणि क्रिटेशसच्या शेवटाशी त्यांची जुळणी घट्ट होत गेली.

शंकेखोर (वाशी)

लेख उत्तम, पण दोन शंका.

एक, इरिडियम ज्वालामुखीतूनही येऊ शकतं ना? हवाईच्या किलाउआच्या वायूत ते सापडलं होतं असं वाचलंय. मग गुब्बिओचा थर दख्खनचाच कशावरून नसेल?

दोन, आपल्या मुंबईसमोर समुद्रात 'शिवा' नावाचं चिक्शुलूबहून मोठं विवर आहे असा व्हिडिओ फिरतोय. ते खरं का?

कातळवाट (कळवा)

पहिली शंका अगदी रास्त. किलाउआच्या वायूत इरिडियम १९८३ मध्ये खरंच सापडलं, आणि त्या काळी दख्खनच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मोठा मुद्दा होता. पण इरिडियम एकटं नाही. त्याच थरात तडाख्याने आतून चिरलेले क्वार्ट्झचे कण आहेत. तशा बारीक समांतर रेषा साध्या उद्रेकाच्या दाबाने पडत नाहीत, त्या उल्कापाताच्या जागी आणि अणुचाचण्यांच्या जागी दिसतात. शिवाय वितळून उडालेल्या काचेचे गोलक आहेत, आणि ते मेक्सिकोच्या आखाताकडे जावं तसे मोठे आणि जास्त होत जातात. २०१३ साली पॉल रेने यांच्या गटाने आघाताचं आणि क्रिटेशस संपतो त्या सीमेचं वय मोजलं तेव्हा दोन्ही ३२ हजार वर्षांच्या आत जुळली. त्यामुळे आघात झाला आणि त्याच वेळी झाला, यावर माझ्या मते वाद उरलेला नाही.

दुसरी शंका. शंकर चॅटर्जी हे टेक्सासमधले नामवंत पुराजीवशास्त्रज्ञ, 'शिवा' ही त्यांची कल्पना. बॉम्बे हाय परिसरातली समुद्रतळाची खोलगट रचना हे शेकडो किलोमीटरचं विवर आहे असं ते म्हणतात. बहुतेक भूशास्त्रज्ञांना ते पटलेलं नाही. तिथे तेलासाठी भरपूर विहिरी खोदल्या गेल्यात, पण चिरलेलं क्वार्ट्झ, वितळलेल्या खडकाचा थर असा सर्वमान्य पुरावा पुढे आलेला नाही. पश्चिम किनारा तुटून खचला, भारत आणि सेशेल्स वेगळे झाले, तेव्हा अशा खोलगट जागा तयार होतातच. आपल्या दारात असं काही असावं असं कुणालाही वाटेल, पण पुराव्याशिवाय मी ते पुढे पाठवणार नाही.

डबर_खडी (उरण फाटा)

नमस्कार. मी खडीच्या धंद्यात आहे, वडिलांपासून. शास्त्र शिकलेलो नाही पण दगड ओळखतो. सुरुंग लावून फोडला की खाली एकदम घट्ट काळा पाषाण निघतो, तो खडीला एक नंबर. पण वरच्या बाजूला बरेचदा भोकाभोकाचा दगड लागतो, तो आम्ही घेत नाही, क्रशरमध्ये भुगा होतो. कधी त्या भोकांत पांढऱ्या सुयांसारखं काहीतरी भरलेलं असतं, उन्हात चमकतं. आणि मधेच एक लाल पट्टा, विटेसारखा, बोटाने खरवडला तरी निघतो. तो कुठे वीतभर तर कुठे पुरुषभर. आम्ही त्याला कचराच समजतो. तुम्ही या सगळ्याचं सांगाल का?

कातळवाट (कळवा)

डबर_खडी दादा, हा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. तुम्ही एका उद्रेकाचा अख्खा उभा छेद लिहून दिला आहे.

खालचा घट्ट पाषाण म्हणजे लाव्हाच्या प्रवाहाचा गाभा, तो सावकाश निवला. वरचा भोकांचा दगड म्हणजे त्याच प्रवाहाचा माथा. शिलारस वर येतो तेव्हा त्यात वायू विरघळलेला असतो, दाब कमी झाला की तो बुडबुड्यांनी सुटतो. माथ्यापर्यंत पोहोचलेले बुडबुडे दगड गोठल्यामुळे तिथेच अडकतात. नंतर त्या पोकळ्यांत गरम पाण्यातून खनिजं बसतात, तुमच्या पांढऱ्या सुया म्हणजे बहुधा झिओलाइट. या धाग्यात आपण ज्या वायूबद्दल बोलतोय त्याचा ठसा म्हणजे ती भोकं. जो अडकला तो दगडात आहे, जो सुटला तो हवेत गेला.

आणि लाल पट्टा कचरा नाही हो! त्याला आम्ही रेड बोल म्हणतो. एक प्रवाह येऊन निवला, मग बराच काळ काही आलं नाही. ऊन-पावसाने त्याचा माथा झिजला, माती झाली, लोह गंजलं. मग पुढचा प्रवाह त्या मातीवरून गेला आणि ती भाजली. म्हणजे प्रत्येक लाल पट्टा हा दोन उद्रेकांमधला विश्रांतीचा काळ आहे. दख्खन सलग ओकत नव्हता, थांबत थांबत ओकत होता, हे त्यावरूनच कळतं.

त्याहून महत्त्वाचं सांगते. बेसॉल्टमध्ये, म्हणजे या काळ्या लाव्हा-दगडात, झिरकॉन हे खनिज सहसा मिळत नाही, आणि युरेनियम-शिसे पद्धतीने अचूक वय मोजायला तेच लागतं. पण काही लाल पट्ट्यांत दुसरीकडून उडून आलेली राख पडलेली असते आणि तिच्यात झिरकॉन असतात. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोन यांच्या गटाने सह्याद्रीतले असेच पट्टे चाळून दख्खनचं वेळापत्रक बांधलं.

डबर_खडी (उरण फाटा)

इतकी वर्षं तो पट्टा बाजूला टाकत आलो. आता लागला की फोटो काढून इथे टाकतो. धन्यवाद ताई.

शंकेखोर (वाशी)

आता मुख्य वादावर या. माझ्या समजुतीप्रमाणे दख्खनचा बराचसा लाव्हा आघातानंतर आला. मग जे आधीच मेले त्यांना तो कसा मारेल?

कातळवाट (कळवा)

इथेच गाठ आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. दोघांचा विषय तोच, डोंगर तेच, सह्याद्रीचे. शोन यांच्या गटाने झिरकॉन वापरून सांगितलं की लाव्हा चार मोठ्या हप्त्यांत आला आणि त्यातला एक मोठा हप्ता आघाताच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला. कोर्टनी स्प्रेन आणि रेने यांच्या गटाने बेसॉल्टमधल्याच प्लॅजिओक्लेज या खनिजावर वय मोजायची आर्गॉन पद्धत वापरली. त्यांच्या मते ओतणं बऱ्यापैकी एकसारखं चालू होतं आणि सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतरचा आहे. म्हणजे तुम्ही म्हणताय ते.

या थरांची नावं ऐकून आपल्या मंडळींना गंमत वाटेल. खालून वर नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. ही लाव्हाच्या गटांची शास्त्रीय नावं आहेत आणि जगभरचे लोक ती वापरतात. भांडण मुख्यतः बुशे आणि पोलादपूरच्या आसपास आहे. रेने यांच्या २०१५ च्या कामाप्रमाणे त्या टप्प्यावर दख्खनचा स्वभावच बदलला, आधी छोटे आणि वारंवार प्रवाह, नंतर अवाढव्य आणि विरळ. त्यांना वाटतं, आघाताच्या हादऱ्याने शिलारसाच्या वाटा मोकळ्या झाल्या असाव्यात. शोन यांच्या आकड्यांत पोलादपूरचा हप्ता आघाताच्या आधीच सुरू झालेला दिसतो, म्हणजे हादऱ्याचं कारण उरत नाही.

माझं मत विचाराल तर लाव्हा किती आला हा मोजायचा भाग आहे, पण मारतो वायू. आणि वायू लाव्हाच्या आधीच सुटू शकतो. शिलारस खोल असतानाच त्यातला कार्बन डायऑक्साइड बराचसा निघून जातो. त्यामुळे 'तीन चतुर्थांश लाव्हा नंतरचा' म्हणजे 'तीन चतुर्थांश वायू नंतरचा' असं होत नाही. आघाताच्या साधारण २ ते ३ लाख वर्षं आधी पृथ्वी काही अंशांनी तापली होती, याच्या खुणा समुद्रातल्या सूक्ष्म जिवांच्या कवचांत आहेत. ती ऊब दख्खनची, असं बहुतेकांना वाटतं. ती एकटी महाविनाश घडवायला पुरली नसती, असंही मला वाटतं. मुख्य घाव उल्केचाच.

रानपिंगळा (ठाणे पूर्व)

पक्षी बघणारा माणूस आहे, त्यामुळे वेगळ्या बाजूने विचारतो. डायनासोर आधीपासूनच हळूहळू कमी होत होते असं म्हणतात. जीवाश्मांवरून ते खरंच कळतं का? आपण समोरचा जिवंत पक्षी वर्षानुवर्षं चुकवतो. रानपिंगळ्याचंच बघा, १८८४ नंतर त्याची खात्रीशीर नोंद नव्हती, लोकांनी संपला म्हणून सोडून दिला होता, आणि १९९७ साली शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. आपल्या तानशाच्या जंगलात तर त्याच्याही नंतर.

कातळवाट (कळवा)

तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. याला सिन्योर-लिप्स परिणाम म्हणतात. एखाद्या प्राण्याचं आपल्याला सापडलेलं शेवटचं हाड म्हणजे त्या जातीचा शेवटचा प्राणी नव्हे. जो प्राणी मुळात विरळ, त्याचं शेवटचं हाड सीमेच्या बरंच खाली सापडणार. अशा अनेक जाती एकत्र मांडल्या की सगळ्या एकाच दिवशी मेल्या असल्या तरी आलेखात त्या हळूहळू विझल्यासारख्या दिसतात. त्यामुळे नुसत्या हाडांवरून 'आधीच उतरती कळा होती' म्हणणं धोक्याचं. मी त्यासाठी सूक्ष्म कवचांवर जास्त विश्वास ठेवते. एका चमचाभर गाळात ती हजारोंनी मिळतात, आणि तिथे पडझड सीमेवर एकदम दिसते.

पिसदुऱ्याचा (घणसोली, मूळ वरोरा)

आमच्या भागाचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितो. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथल्या शेतांत डायनासोरची दगड झालेली विष्ठा सापडते. लहानपणी आम्ही ते गोल दगड नुसतेच उचलून फेकायचो, कुणी सांगितलंच नव्हतं. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि इतरांनी त्या विष्ठेत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले. त्याआधी समज होता की गवत डायनासोर गेल्यावर आलं. आमच्या पिसदुऱ्याने तो समज मोडला. विदर्भात दख्खनच्या लाव्हाखाली आणि मधे कितीतरी आहे, पण बोलताना सगळे सह्याद्रीवरच थांबतात.

कातळवाट (कळवा)

मनापासून आभार. पिसदुरा माझ्या लेखात असायलाच हवा होता. आणि तुम्ही दिलेलं उदाहरण वादाशी थेट जोडलेलं आहे. लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये जे तळी-डबकी तयार झाली त्यांच्या गाळात त्या काळचं जगणं जपलेलं आहे. कच्छमध्ये अंजारजवळ अशा मधल्या थरात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची टरफलं मिळाली आहेत. म्हणजे पहिले काही प्रवाह येऊन गेल्यावरही डायनासोर इथे राहत होते, अंडी घालत होते. नुसत्या लाव्हाने ते मेले नाहीत याचा इतका साधा पुरावा दुसरा नाही.

आणि मुंबईतही आहे. वरळी आणि मलबार हिलच्या मधल्या थरांत १९ व्या शतकातच बेडकांचे नाजूक सांगाडे आणि कासवं सापडली होती. मुंबईचे ते थर आघातानंतरचे आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचं वयही आर्गॉन पद्धतीने ६ कोटी ५ लाखांच्या आसपास आलं आहे, म्हणजे डायनासोर संपून काही दशलक्ष वर्षं झाल्यावर. तेव्हा लाव्हा अजून येतच होता आणि बेडूक डबक्यात होते. गोड्या पाण्यातल्या जिवांची अन्नसाखळी बरीचशी सडक्या पालापाचोळ्यावर चालते, तिला काही महिने ऊन नसलं तरी निभावतं. बेडूक, कासव, सुसर तगले त्यामागचं एक कारण हे.

अनुची_आई (नौपाडा)

अनुने अजून एक विचारलंय. लोणारचं सरोवरही उल्केनेच झालं ना, मग तिथे का कुणी मेलं नाही?

कातळवाट (कळवा)

आकाराचा फरक. लोणारचं विवर १.८ किलोमीटर, चिक्शुलूबचं १८०. आसपासच्या परिसरात हाहाकार झालाच असेल, पण पृथ्वीला पत्ताही लागला नाही. शिवाय ते आर्गॉन पद्धतीने साधारण ५ लाख ७० हजार वर्षांचं निघालं आहे, डायनासोरशी त्याचा संबंध नाही. अनुला सांगा, लोणार बेसॉल्टमध्ये झालेलं आहे आणि चंद्र-मंगळाचा पृष्ठभागही बराचसा तसाच, म्हणून जगभरचे लोक तिथे अभ्यासाला येतात.

खाडीकाठची (ऐरोली)

गेले दोन दिवस वाचते आहे. लाव्हाचे वायू माणसाला कसे मारतात याचं अलीकडचं उदाहरण आहे का? हजारो-लाखो वर्षं ऐकली की डोक्यात काही उभंच राहत नाही.

आणि सरळ प्रश्न: सहावा महाविनाश चालू आहे म्हणतात, तुम्हाला काय वाटतं?

कातळवाट (कळवा)

उदाहरण आहे. आइसलँडमधली लाकी भेग, जून १७८३. आठ महिने लाव्हा वाहिला, सुमारे १५ घन किलोमीटर. स्फोट असा मोठा नव्हताच. पण गंधकाचा वायू आणि फ्लोरीन एवढं बाहेर पडलं की गवत विषारी झालं, मेंढ्यांच्या हाडांना गाठी आल्या, गुरं मेली आणि पाठोपाठ दुष्काळात देशातली सुमारे एक पंचमांश माणसं गेली. युरोपभर धुरकट कोरडं धुकं पसरलं होतं. आता दख्खनमधला एकेक मोठा प्रवाह हजारो घन किलोमीटरचा होता हे शेजारी ठेवा.

सहाव्याबद्दल. आकड्याने पाहिलं तर आपण अजून तिथे नाही. बिग फाइव्हमध्ये साधारण तीन चतुर्थांश किंवा जास्त प्रजाती गेल्या, गेल्या ५०० वर्षांत नोंदवलेल्या नाशाचं प्रमाण त्याच्या जवळपासही नाही. पण वेग बघा. २०११ साली अँथनी बार्नोस्की आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये हिशेब मांडला होता, की आज धोक्यात असलेल्या जाती खरोखर संपल्या आणि तोच वेग राहिला, तर काही शतकांत आपण त्या पातळीला पोहोचू. पर्मियनला त्यासाठी हजारो वर्षं लागली होती.

कार्बनचंही तसंच. माणूस आज जीवाश्म इंधनं जाळून वर्षाला सुमारे ३७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगातले सगळे ज्वालामुखी मिळून त्याच्या एका टक्क्याच्या आसपास. पर्मियनमध्ये एकूण सुटलेला कार्बन आपण आजवर सोडलेल्यापेक्षा प्रचंड जास्त होता, पण बहुतेक अंदाजांनुसार त्याचा वर्षाचा वेग आपल्यापेक्षा कमी होता. समुद्राला कार्बन पचवायला वेळ लागतो. खडक झिजून तो शोषायला तर लाखो वर्षं लागतात. म्हणून मी सुरुवातीला वेगावर जोर दिला.

शंकेखोर (वाशी)

इथे थोडा असहमत. जाती धोक्यात असणं आणि संपणं यात फरक आहे. रानपिंगळा परत सापडलाच की. अधिवास राखला, शिकार थांबवली तर पुष्कळ जाती मागे फिरतात. 'महाविनाश सुरू झाला' असं म्हटलं की लोक हात टेकतात.

रानपिंगळा (ठाणे पूर्व)

शंकेखोर, हात टेकू नयेत हे मान्यच. पण गिधाडांचं विसरू नका. नव्वदीच्या दशकात आपल्याकडची पांढऱ्या पाठीची गिधाडं आकाश भरून दिसायची. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे काही वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त संपली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तरी आज ती पूर्वीसारखी कुठे दिसतात? जात अजून नामशेष झालेली नाही, म्हणून कागदावर नाश शून्य. आणि गावाबाहेर मेलेली गुरं पडून कुजतात ते शून्यात धरायचं कुठे?

कातळवाट (कळवा)

दोघांचंही पटतं. महाविनाशांच्या नोंदींत जातींची संख्या मोजलेली असते, कारण दगडात तेवढंच मोजता येतं. पण जात संपण्याच्या फार आधी तिचं काम बंद पडतं. पर्मियनच्या थरांतही आधी प्रवाळभिंती आणि जंगलं विस्कटताना दिसतात. शंकेखोर म्हणतात तसं मागे फिरायला जागा आहे, आणि ती या टप्प्यावरच आहे, जात कागदावर जिवंत असताना.

पिसदुऱ्याचा (घणसोली, मूळ वरोरा)

शेवटचा प्रश्न. आमच्याकडे कोळशाच्या खाणी. तो कोळसा पर्मियनचाच ना? म्हणजे तो महाविनाशाच्या आधीचा?

कातळवाट (कळवा)

हो, आधीचा. चंद्रपूरचा आणि कामठीकडचा कोळसा म्हणजे ग्लॉसोप्टेरिस या झाडांची दलदलीतली जंगलं. गोंडवनावर ती सगळीकडे होती. महाविनाशात ग्लॉसोप्टेरिसचा कारभार आटोपला. त्यानंतर ट्रायासिकच्या सुरुवातीच्या थरांत जगात कुठेही कोळसा सापडत नाही, सुमारे १ कोटी वर्षांचं अंतर आहे. कोळसा बनण्याइतकी दलदलीची जंगलं पुन्हा उभी राहायला तेवढा काळ लागला. त्या मधल्या काळात राणीगंजच्या खोऱ्यात लिस्ट्रोसॉरस नावाचा डुकराएवढा, सुळ्यांचा शाकाहारी प्राणी फिरत होता. तो वाचलेल्यांपैकी. त्याच्या बऱ्याच जागी दुसरं मोठं जनावरच मिळत नाही.

सीमेचा थर भारतात बघायचा असेल तर काश्मीरमध्ये श्रीनगरजवळ गुऱ्युल खोरं आहे. पर्मियनचा शेवट आणि ट्रायासिकची सुरुवात तिथे एकाच उतारावर लागून उभी आहे. त्यावर स्वतंत्र धागा काढते, त्यात समुद्राच्या बाजूने काय दिसतं ते नीट लिहीन.